मेल म्हणजे चिठ्ठीच समजा

पडदा वर जातो तेव्हा आधी दिसतं ते लोखंड. कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं एक यार्ड. पत्र्याच्या भल्यामोठ्या गुंडाळ्या, ज्यांना तिथे कॉइल म्हणतात, उन्हात तापत एकमेकींना टेकून बसलेल्या, जणू पंगतीला बसलेले हत्ती. वर पिवळी क्रेन, खाली ट्रकांची रांग, आणि उजव्या अंगाला चार पायऱ्या चढून गेलं की काचेची ऑफिसखोली. खोलीत तीन माणसं उभी आहेत. टेबलावर एक काळा स्मार्टफोन पालथा पडलाय, पंचनाम्यातल्या वस्तूसारखा. साल दोन हजार नऊ, सोमवार, दुपारची वेळ.

मधोमध उभे आहेत ते झकेरिया शेठ, यार्डाचे मालक. पांढरा सफारी, पांढरी दाढी, बोटांत तसबीह, पण मणी थांबलेले. दाराशी, एक पाय पायरीवर आणि एक खोलीत, असा अडकून उभा आहे तो बळीराम, यार्डाचा सुपरवायझर. आणि खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून, ओढणी डोक्यावर घट्ट घेऊन उभी आहे ती शहाबानो दळवी. लोखंड बाजारात लहानथोर सगळे तिला बानोबाई म्हणतात. ही गोष्ट तिची.

"मेल आलता शेठ," बळीराम म्हणाला. "मी माज्या डोल्यान बघितला."

"कुठे आहे? तुझ्या फोनमध्ये नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये नाही. मग आली कुठे, तुझ्या ख्वाबात?"

गेल्या बुधवारी यार्डातून एक कॉइल बाहेर पडली होती. ती शेठची नव्हती. त्या यार्डात शेठचं स्वतःचं काहीच नसतं. परदेशातून लोखंड मागवणारे व्यापारी बंदरातून माल आणून इथे ठेवतात आणि विकला गेला की 'अमुक गाडीला सोडा' असा निरोप पाठवतात. निरोपाशिवाय इथली फुटकी सळई हलत नाही, या एका बोलावर झकेरिया शेठचं दुकान उभं होतं. आणि आता व्यापाऱ्याचा सकाळी फोन आला होता: ही कॉइल आम्ही सोडायला सांगितलीच नव्हती, सांगितली असेल तर मेल दाखवा, आमचा माणूस संध्याकाळी येतोय. तो खोटं बोलत होता की विसरला होता, अल्ला जाणे.

"मगरिबच्या नमाजाआधी तो येईल," शेठ म्हणाले. आवाज चढला नाही. "तोपर्यंत मेल सापडली तर बेहतर. नाही तर, बळीराम, उद्यापासून तू येऊ नकोस. मी तुला चोर म्हणत नाही. पण मी नाही म्हटलं तरी बाजार म्हणेल, आणि मग माझ्याकडे कोणी माल ठेवणार नाही. क्रेनखाली उभी आहे तेवढी गाडी भर आणि चावी इथे टेबलावर आणून ठेव."

बळीरामने पालथा फोन उचलला आणि खाली उतरून गेला. त्याचे आजे-पणजे मिठागरात राबलेले. या यार्डात पहिली क्रेन उभी राहिली तेव्हा तिच्या दोरखंडाला हात लावणाऱ्यांत तो होता. बाजारात त्याचं नाव निघालं की पुढे 'भरवशाचा' हा शब्द आपोआप यायचा. आज त्या शब्दावरच गदा आली होती.

बानोबाई खिडकीशी तशीच उभी राहिली. कारण मेल हरवणारी ती सिस्टिम निवडली होती तिने.

*

बानोबाई पनवेलच्या टपाल नाक्याजवळची. वडील बोटीवर खलाशी. घरी येणारी त्यांची पत्रं वाचून दाखवायचं काम लहानपणापासून हिच्याकडे. दूरच्या माणसाचा निरोप जवळच्या माणसाला समजेल असा सांगायचा, हे तिच्या हाडात तेव्हापासून मुरलं. टायपिंग शिकली, आणि या यार्डात टेलेक्सवर लागली. भोकं पाडलेली कागदाची पट्टी खडखड करत मशिनमधून बाहेर पडायची आणि हमाल दाराशी जमून बघायचे. त्यांना ती सांगायची, ही तारच आहे, फक्त तारमास्तर लोखंडाचा आहे. पुढे फॅक्स आला, तेव्हा म्हणाली, ही दूरगावची झेरॉक्स. मग कॉम्प्युटर आले. नवरा कुवेतला, मुलगी आयत कॉलेजात, आणि बानोबाई रोज सकाळी रिक्षाने कळंबोलीला. दर काही वर्षांनी यार्डात एखादं नवं यंत्र दाखल व्हायचं, लोक त्याला बिचकायचे, आणि बानोबाई त्याला एखादं ओळखीचं नाव शोधून द्यायची. ते नाव मिळालं की यंत्र माणसाळायचं. मोठमोठ्या नटांना जमत नाही अशी ती कला होती: कठीण वाक्य असं बोलायचं की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, हे तर मला ठाऊकच होतं.

त्या वर्षी शेठनी सुपरवायझरांसाठी स्मार्टफोन घ्यायचं ठरवलं. निरोप ऑफिसात येऊन पडायचा, माणूस यार्डाच्या दुसऱ्या टोकाला असायचा, गाड्या ताटकळायच्या. ऑफिसची मेल थेट फोनवर आली की प्रश्न मिटला. ती आणायची कशी, यासाठी दोन कंपन्यांच्या दोन सिस्टिम महिनाभर वापरून बघायच्या आणि बानोबाईने एक निवडायची, असं ठरलं.

तिने दोघींना नावं दिली. एक आरसा, एक नक्कल. आरसा म्हणजे ऑफिसात मेल आली की त्याच क्षणी फोनवर. ऑफिसात जे दिसतं तेच फोनवर, फोनवर जे दिसतं तेच ऑफिसात. नक्कल म्हणजे फोन दर पंधरा मिनिटांनी जाऊन ऑफिसला विचारणार, काही आलंय का, आणि असेल त्याची प्रत घेऊन येणार. नक्कल आळशी. आरसा चपळ. महिन्याभरात सगळे आरशाच्या प्रेमात पडले, बानोबाईसुद्धा. आरसा विकणारा हितेश नावाचा कामोठ्याचा तरुण होता, बोलायला गोड, कामाला प्रामाणिक. आज सोमवारी तो सही घ्यायलाच येणार होता.

आणि फोन वाटायच्या दिवशी बानोबाईने सुपरवायझरांना गोल उभं करून नेहमीसारखं एका वाक्यात समजावलं होतं.

"घाबरू नका. व्यापाऱ्याची मेल आली, म्हणजे चिठ्ठीच आली समजा."

*

हितेश आला तो कागदांची फाईल काखेत मारून. खोलीतली हवा बघून त्याने फाईल हळूच खुर्चीवर ठेवली, सगळं ऐकून घेतलं आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरसमोर बसला. वरून खाली, खालून वर त्याने सगळं पाहिलं.

"मॅडम, नाहीये. आणि आरशात नाही म्हणजे वस्तूच समोर नव्हती. माझी सिस्टिम मेल हरवत नाही. आली तर दिसणार."

"बळीरामदादा खोटं बोलत नाहीत."

"मी तसं म्हटलं नाही. पण सिस्टिमही खोटं बोलत नाही."

बानोबाई खाली उतरली. काय बघायला, तिलाही नेमकं ठाऊक नव्हतं. क्रेनखाली शेवटची गाडी भरली जात होती. बळीराम हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याला खेळवत होता, अगदी नेहमीसारखा, जणू उद्याही इथेच असणार आहे. कॉइल अलगद गाडीत बसली. साखळ्या आवळल्या. त्याने फोन काढला, त्यातल्या मेलवरचा गाडीचा नंबर समोरच्या गाडीशी ताडून पाहिला, ड्रायव्हरला मान हलवली. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत तो बघत राहिला. मग त्याचा अंगठा फोनवर दोनदा दाबला गेला.

"दादा, आत्ता काय केलंत?"

"काय म्हंजे?"

"अंगठा दाबलात. काय केलंत?"

बळीरामने तिच्याकडे असं पाहिलं, जसं श्वास का घेतलात असं विचारल्यावर माणूस पाहील. "चिठ्ठी फाडली."

बानोबाईने वर ऑफिसच्या काचेकडे पाहिलं.

लोखंड बाजारात जुनी रीत होती. व्यापाऱ्याची चिठ्ठी आली, माल भरला, गाडी फाटकाबाहेर गेली, की सुपरवायझरने चिठ्ठी उभी-आडवी फाडून तिथेच वाऱ्यावर सोडायची. फाडली नाही तर तीच चिठ्ठी दाखवून कोणी दुसऱ्यांदा माल उचलून न्यायचा. असं बाजारात एकदा घडलं होतं, आणि एक पेढी त्यात बुडाली होती. अखंड चिठ्ठी म्हणजे माल अजून आत. फाडलेली चिठ्ठी म्हणजे व्यवहार पुरा. जो सुपरवायझर चिठ्ठी फाडत नाही त्याची नियत बाजारात तपासली जायची. आणि बानोबाईने सांगितलं होतं, चिठ्ठीच समजा. बळीराम तसंच समजला होता.

ती पायऱ्या चढून धावत वर आली तेव्हा हितेश पडद्याकडे बघत डोळे चोळत होता. "मॅडम, आत्ता इथे एक मेल होती. माझ्या डोळ्यांसमोर गेली."

"खाली फाडली," बानोबाई म्हणाली. "म्हणून वर फाटली. आरसा आहे ना तुमचा."

हितेश समजला. माल गेल्यावर जुनी मेल ऑफिसात आजवर कोणी शोधायलाच गेलं नव्हतं. खुर्ची मागे सरकवून तो उठलाच. "पण पुसलेल्या मेल एका कप्प्यात जातात. तिथे..." आणि तो थांबला. तो कप्पा रोज रात्री आपोआप रिकामा होत होता. चाचणीसाठी आणलेलं त्याचं मशीन लहान होतं. भरून जायला नको म्हणून त्यानेच तशी सोय केली होती. बुधवारचं तिथे काही उरलेलं नव्हतं.

शेठ कोपऱ्यात बसून ऐकत होते. "म्हणजे मेल आली होती, असं तुमचं दोघांचं म्हणणं. मला पटतंय. त्या व्यापाऱ्याच्या माणसाला मी काय सांगू? आमच्याकडे चिठ्ठी फाडायचा रिवाज आहे, विश्वास ठेव?"

चावी टेबलावर ठेवायला बळीराम वर आला होता. ठेवून जायला वळला, तेव्हा बानोबाईने त्याला हाक मारली.

"दादा, थांबा. बुधवारी ती मेल आली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"जेवत व्हतो. मी न् काशिराम. दोगांचे फोन संगतीच वाजले. मग काशी रजेवर घरी गेला, मी गाडी भराला गेलो."

काशिराम दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर, बळीरामचा साडू.

"साडूची साक्ष बाजार मानणार नाही," शेठ म्हणाले.

"साक्ष नको, शेठ." बानोबाई भिंतीकडे बघत होती. तिथे खिळ्याला एक काळी वायर लोंबत होती. "काशिरामदादांचा चार्जर इथेच राहिलाय. बुधवारपासून. घरी गेल्यावर त्यांचा फोन कधी बंद पडला असेल?"

"बुधवारीच," बळीराम म्हणाला. "जेवताना बी रडत व्हता तो. बॅटरी संपली, बॅटरी संपली. मी गाडी भराला घेतली त्याच्या आदीच गेला असंल."

हितेशने लोंबणाऱ्या वायरीकडे पाहिलं. तो प्रामाणिक पोरगा होता हे मघाशी सांगितलंच. ते खरं ठरायची वेळ आत्ता आली. मेल सापडली तर त्याचीच सिस्टिम उघडी पडणार होती. तरी तोच बोलला.

"मॅडम, बंद पडलेल्या फोनमध्ये ती मेल अजून असेल. पण चालू झाला आणि नेटवर्क मिळालं, की तो आधी ऑफिसला विचारेल, तुझ्याकडे काय काय आहे? ऑफिसात ती मेल नाही. म्हणजे तोही पुसून टाकेल. एका क्षणात. त्यांना सांगा चालू करू नका. सिम कार्डच काढून ठेवा."

*

काशिरामचं घर मोरा बंदराजवळ. घरी साधा फोन होता, तो बराच वेळ वाजला.

"कोन?"

"मी कळंबोलीच्या ऑफिसातून बानो बोलतेय. काशिरामदादा आहेत?"

"काशी हलदीला गेलाय. मी त्याची आई, भामा. बोल बाय."

"आई, त्यांचा कंपनीचा मोबाइल कुठे आहे?"

"ह्यो काय समोर. पाच दिस मेलेला. आता शेजारून वायर आनून लावलाय, त जरासा लाल डोला उघडलाय त्यान."

बानोबाईने चटकन विचारलं, "त्याला हात लावला का कोणी?"

"कोन लावनार? काशी बोलून गेलाय, जेवाला येतो न् चालू करतो. यायची येल झालीच."

"आई, आधी वायर काढा."

"काढली."

"आता फोनची पाठ उघडा."

"कोनाची?"

"फोनची पाठ. मागचं झाकण. अंगठ्याने दाबून खाली सरकवा."

पलीकडे खुडबुड झाली, काहीतरी खाली पडलं, भामाआई कोणाला तरी 'सर बाजूला' म्हणाल्या. "निघाली. आत एक चपटी वडी हाय."

"ती बॅटरी. काढा."

"काढली. आता मेला ना?"

"मेला. आता वडीच्या खाली नखाएवढा पातळ तुकडा आहे बघा. त्याला सोनेरी टिकली. तो सरकवून बाहेर काढा."

"नाय निघत."

बळीराम टेबलाची कड धरून उभा होता. हितेश ओठ चावत होता. शेठच्या हातात तसबीह पुन्हा फिरू लागली होती, भराभर.

"केसातला आकडा लावते," पलीकडून आवाज आला. मग बराच वेळ नुसता समुद्रावरचा वारा. "निघाला गो बाय."

"शाबास. आता हे तिन्ही लपवून ठेवा. आम्ही निघालोच. कोणाच्याही हातात देऊ नका. बळीरामदादा येतील, त्यांच्या हातात पण नाही."

"काशीला?"

"त्यांनाही नाही."

"अगो, त्याचाच हाय तो."

"म्हणूनच."

भामाआईंनी विचार केला. "बरा. पन मी तुना कदी बघितली नाय. मी बानो, असा कोनी बी येऊन बोलंल. तू येशील तव्हा आता बोललीस ना, तसाच बोल. 'फोनची पाठ उघडा'. आवाज मी वलखीन."

*

शेठनी हितेशलाही सोबत पाठवलं. फोनमध्ये काही निघालं, तर ते बळीरामच्या माणसांनी घुसवलं असं कोणी म्हणायला नको. बळीरामने बोलेरो काढली. उरणच्या रस्त्याला लागले, आणि करळ फाट्याला पुढे कंटेनरांची भिंतच उभी. ट्रेलरच्या मागे ट्रेलर, इंजिनं बंद करून ड्रायव्हर खाली उतरलेले.

"काशी घरी पोचला असंल," बळीराम म्हणाला.

"आईंनी शब्द दिलाय."

"मावशीचा शब्द पक्का हाय. पन काशी बी तिचाच पोर हाय."

हितेशने काच खाली केली, वर केली. "मॅडम, आणि मेल नसलीच तर?"

"नसली त मना तितंच सोडा," बळीराम म्हणाला. "मिठागरात जाईन बोललो असतो, पन तितं आता कंटेनर बसलेत." मग थोडं थांबून, पुढच्या ट्रेलरकडे बघत, "तुजा आरसा मोटा भारी रं हितेश. आमी आपला तोंड पुसला, त आरशान मानूसच पुसून टाकला."

हितेशला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. "खरंय," तो म्हणाला.

"चूक त्याची नाही," मागच्या सीटवरून बानोबाई म्हणाली. "चिठ्ठी हा शब्द माझा. कागदाची गोष्ट मी काचेला चिकटवली. तुम्हाला विचारायला हवं होतं, चिठ्ठीचं तुम्ही पुढे काय करता."

"चिठ्ठीचा काय करनार?" बळीराम म्हणाला. "फाडायची नाय त काय देव्हाऱ्यात ठेवायची?"

ट्रेलर हलले. डाव्या हाताला खाडीचं पाणी मावळतीकडे पिवळं पडायला लागलं होतं. पुढे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा बळीरामने गाडी अशी पळवली की हितेशने वरची कडी पकडली ती मोरा येईपर्यंत सोडली नाही.

घराच्या ओट्यावर काशिराम उभा होता, हळदीला घातलेला नवा शर्ट, कपाळाला हळद, आणि तोंड रागाने लाल.

"बानोबाय, आईना काय सांगितलास तुमी? घर शोधला, फोन नाय. माजाच फोन मना देत नाय."

आत भिंतीला टेकून भामाआई बसल्या होत्या, हिरवं नऊवारी गुडघ्यात खोचलेलं, तांदळाच्या मोठ्या डब्याला पाठ लावून.

"मावशी, मी बलीराम."

"बघितला. तुना बी द्यायचा नाय."

बानोबाई चप्पल काढून पुढे आली. तिने एवढ्या वर्षांत शेकडो निरोप सांगितले होते, पण इतकं जपून एकही वाक्य म्हटलं नव्हतं.

"आई, फोनची पाठ उघडा."

म्हातारीने मान तिरपी करून आवाज तोलला. "तीच हाय," ती म्हणाली. डबा उघडला, तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात गाठ मारलेले तीन तुकडे बानोबाईच्या ओंजळीत ठेवले.

हितेशने सिम स्वतःच्या वरच्या खिशात टाकलं, बॅटरी बसवली. फोन उजळला. सिम घाला, असं म्हणाला. हितेशने नाही म्हटलं. बॅटरीची रेघ तळाला, लाल. तो मेलच्या पानावर गेला, आणि ते पान उघडता उघडेना. काशिरामचा राग कुठल्या कुठे गेला होता, तोही वाकून बघत होता. मग एकामागून एक ओळी उतरल्या. सगळ्यात वर बुधवारची मेल.

हितेशने ती मोठ्याने वाचली. गाडीचा नंबर. कॉइलचा नंबर. आणि शेवटी, कृपया सोडणे.

हितेशने ताबडतोब फोन बंद केला, चार्ज राखायला हवा होता. बळीराम बाहेर गेला, ओट्यावरच्या पिंपातलं पाणी तोंडावर मारलं, पुन्हा मारलं, आणि तोंड न पुसताच गाडीत जाऊन बसला.

*

ऑफिसात व्यापाऱ्याचा माणूस येऊन बसला होता. त्याच्यासमोरच्या चहावर साय धरली होती. शेठ घड्याळाकडे बघत नव्हते, दाराकडेही नाही. बानोबाईने भिंतीवरचा चार्जर काढला, फोनला लावला, आणि हितेशने मेल उघडून फोन टेबलावर ठेवला. त्या माणसाने ती वाचली. पाठवणाऱ्याचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं.

"आमच्याकडे हे कुणाच्या लक्षात राहिलेलं दिसत नाही," तो म्हणाला, आणि बॅग उचलून गेला.

शेठ उठले. नमाजला जायला उशीर होत होता, तरी ते टेबलाशी थांबले. चावी तिथेच पडली होती.

"बळीराम, उचल."

बळीरामने उचलली.

"चहा घेशील?"

झकेरिया शेठनी आयुष्यात कोणाची माफी मागितल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बळीरामला ते ठाऊक होतं. "घेतो शेठ," तो म्हणाला.

मग शेठ वळले. "बानो, हितेशचे कागद तयार आहेत. काय करू?"

बानोबाईने हितेशकडे पाहिलं. "हितेशभाऊ, फोनवर फाडलेली मेल ऑफिसात जशीच्या तशी राहील, अशी सोय तुमच्यात आहे?"

हितेशला खोटं बोलायला हीच वेळ होती. "आज नाही मॅडम. नकलेत आहे. उशिरा येते, पण फोनवर काही केलं तरी ऑफिसची मूळ मेल हलत नाही." त्याने फाईल खुर्चीवरून उचलली आणि पुन्हा काखेत मारली.

"मग नक्कल घ्या, शेठ. आरसा मी निवडला होता, मीच परत करते."

"पंधरा मिनिटं गाड्या थांबतील."

"पंधरा मिन्टांत डायवर बिडी वडतो," बळीराम म्हणाला. त्याने चहाचा कप खाली ठेवला, आणि ज्या अंगठ्याने हे सगळं घडवलं तो दुसऱ्या हाताच्या मुठीत झाकून घेतला. "न् बाय, मी आता फाडनार बी नाय. कायम अंगठा आवरून धरीन. पन चिठ्ठी अख्खी ऱ्हायली का मना झोप नाय येनार, त्येवडा सांगतो."

बानोबाईने फडक्याची गाठ सोडून आतले तांदळाचे दाणे तळहातावर घेतले होते. ते तिने खिडकीत चिमण्यांसाठी ठेवले आणि ओढणीला हात पुसत म्हणाली,

"फाडा, दादा. तुम्ही बिनधास्त फाडत जा. तुकडे मी सांभाळते."